मधुवंतीचा घसा

सोमवार, २ फेब्रुवारी

गुळणी थुंकून तिने मान हलवली. मी म्हणालो, पुन्हा कर. तिने पुन्हा केली. कोमट पाणी, मीठ, चिमूटभर हळद. ‘आता सा लाव.’ तिने तोंड उघडलं. हवा आली, स्वर आला नाही.

वसुधा दारात उभी होती. ‘अहो, सोडा तिला आता. पाणी पिऊन पिऊन पोट फुगेल तिचं.’

‘गुळणी पीत नाहीत,’ मी म्हणालो.

संगीत नाटक सप्ताहाचा आज पहिला दिवस, आणि आजच हे. सात संध्याकाळी सात नाटकं, कॅम्पातल्या सभागृहातून केबलवर थेट. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, सगळीकडे घरोघरी दिसणार. मंडळाचा कार्यवाह म्हणून गेलं वर्षभर कोर्टातून सुटल्यावर मी हेच केलं. शेवटचं, रविवारचं नाटक आमच्या मंडळाचं. संगीत मृणालिका. मृणालिका माझी मुलगी मधुवंती करणार. शनिवारपर्यंत ती व्यवस्थित गात होती. आज सकाळी वरच्या खोलीतून मोबाइलवर निरोप आला. ‘अण्णा, आवाज बसलाय.’

धूळ असेल. आमच्या रस्त्याचं काम दिवाळीपासून चालू आहे.

एरवी मृणालिकेचं काम प्रियदर्शनीबाईंचं. वीस वर्षं त्याच मृणालिका करत आल्या. आता साठीला टेकल्या आहेत. सभागृहात ते चालतं. आमचे लोक गाणं ऐकायला येतात, नायिकेचं वय बघायला नाही. टीव्हीची गोष्ट वेगळी. चॅनेलचा सौरव डिसेंबरात म्हणाला होता, ‘सर, जरा तरुण कुणी न्हाय काय? क्लोजअपला बरं पडंल.’ मी मधुवंतीचं नाव सांगितलं. ती बाईंचीच शिष्या. बारा वर्षं दर रविवारी बसने निपाणीला जाऊन शिकली. म्हणजे भूमिका घरातल्या घरातच राहिली. बाईंना मी फोनवर कळवलं. ‘बरं,’ म्हणाल्या. दुसरं कुणी असतं तर दहा शब्द ऐकवले असते.

मधुवंतीला त्याच रात्री जेवताना सांगितलं. ती काहीच बोलली नाही. फार आनंद झाला की ती लहानपणापासून अशीच गप्प होते.

आजचं खानापूरच्या मंडळाचं नाटक ठीक झालं. पहिल्या अंकात एका दाढीची कड सुटली आणि ते मोठं होऊन सगळ्या जिल्ह्याला दिसलं. माझं लक्ष नव्हतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला. समोरच्या पडद्यावर तिचे स्वरतंतू दिसले. पांढरे, ओले, उघडमीट करणारे. मी पहिल्यांदाच पाहिले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी फी भरली ते हे.

‘स्वच्छ आहेत,’ डॉक्टर म्हणाले. ‘सूज नाही, गाठ नाही, लालीसुद्धा नाही.’

‘मग आवाज का नाही?’

त्यांनी तिच्याकडे पाहून विचारलं, ‘कसला ताण आहे का?’

मी सांगितलं, ताण नाही, उलट आनंदाचीच गोष्ट आहे, रविवारी टीव्हीवर नायिका आहे. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग गोळ्या लिहून दिल्या. मी विचारलं, रविवारपर्यंत सुटेल ना? म्हणाले, ‘मी तारीख देऊ शकत नाही. तुम्हीही देऊ नका.’ हे डॉक्टर नवीन आहेत. दुसऱ्या कुणाचं मत घ्यावं का, असं वसुधेला विचारलं. ती म्हणाली, ‘घ्या. गावात डॉक्टर कमी नाहीत.’ तिच्या बोलण्याचा रोख कळत नाही हल्ली.

संध्याकाळी गोकाककडच्या कंपनीचं कन्नड नाटक. परवानगी देताना कचेरीतल्या साहेबांनी सुचवलं होतं, सातात एक तरी कन्नड ठेवा. मी जरा नाराजीनेच ठेवलं होतं. पण सभागृहात खुर्ची मिळेना. आमचेच लोक पुढे बसून माना डोलवत होते. कंपनीतल्या म्हाताऱ्या नटाने एक पद तीनदा म्हटलं तेव्हा सौरव कॅमेऱ्यामागून धावत आला. ‘सर, वन्स मोअर बंद करा हं. नवाला बातम्या हायत. त्या चुकल्या तर मालक मला सोडणार न्हाईत.’ मी सर्व मंडळांना निरोप पाठवला की वन्स मोअर घेऊ नये.

घरी आलो तेव्हा मधुवंतीच्या खोलीत दिवा होता. दार वाजवलं. मोबाइलवर उत्तर आलं, ‘झोपते अण्णा.’ एका भिंतीच्या अंतरावरून.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

काल काही लिहिलं नाही. काल आवाज नाही, आज आवाज नाही. ज्येष्ठमध, आल्याचा रस, वाफ, काळी मिरी, सगळं झालं. ती सगळं घेते. एकदाही नको म्हणत नाही. त्या बाबतीत मुलगी फार शहाणी आहे.

सकाळी भांडी घासता घासता नागुबाई म्हणाली, ‘ताईंचा घसा सुटला म्हणायचा.’

‘कुठे सुटला?’

‘काल दुपारी गात हुती की वर. मी कापडं वाळत घालत हुतो गच्चीवर. ते झोपाळ्याचं हाय बघा, ते.’

ती जाहिरात असणार. झोपाळ्याचं पद मधुवंतीच्या आवाजात आम्ही जानेवारीतच जाहिरातीसाठी ध्वनिमुद्रित केलं होतं. चॅनेलवर सारखं लागतं. मी नागुबाईला तसं सांगितलं.

‘टीव्ही तर खालच्या खोलीत हाय,’ ती म्हणाली.

‘मग मोबाइलवर लागलं असेल.’

‘व्हय व्हय. मोबाइलच असंल,’ असं म्हणून तिने नळ मोठा सोडला. वसुधा तांदूळ धूत होती. तिने वर पाहिलं नाही.

स्वतःचंच गाणं मोबाइलवर ऐकत बसली असेल तर बिचारीच्या मनाला किती लागलं असेल. मला वाईट वाटलं. दुपारी कोर्टातून तिच्यासाठी खडीसाखर घेऊन आलो.

निपाणीच्या बसने एक बोचकं आलं. बाईंनी मृणालिकेचा जरीचा शालू, गंगावन आणि नाकातली नथ पाठवली होती. वीस वर्षं ह्याच वस्तू त्यांनी वापरल्या. बरोबर चिठ्ठी वगैरे काही नाही. मी मधुवंतीला म्हणालो, बघ, आशीर्वाद आला. तिने बोचकं मांडीवर घेतलं आणि गाठ न सोडताच बसून राहिली. मग वर घेऊन गेली. जेवायला आली नाही. तिला ताप तर नाही ना, हे बघायला वसुधेला पाठवलं. वसुधा बऱ्याच वेळाने खाली आली. ‘ताप नाही,’ म्हणाली.

माझी झोप गेली आहे. मंडळाचं नाव, जाहिरातदार, निमंत्रणपत्रिका, ह्या सगळ्यापेक्षा एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. ती रंगमंचाच्या मध्यभागी उभी आहे, पेटी सूर देते आहे, आणि तिच्या तोंडातून नुसती हवा. आणि ते घरोघरी.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

एक उपाय सुचला. पहाटेच सुचला आणि लगेच गाडी काढून निपाणीला गेलो.

बाई तंबाखूच्या वखारीमागे राहतात. गाडीतून उतरलो तसा मला शिंकांचा सपाटा लागला. बाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. ‘या वकीलसाहेब. निपाणी पाव्हण्यांना अशीच ओळख देते.’ पाणी दिलं. म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं तंबाखूच्या ह्या खकाण्यात गातेय. माझा घसा कधी बसला नाही. आणि मधूचा तुमच्या कॅम्पाच्या झाडीत बसला. नवलच.’

‘आम्ही कॅम्पात राहत नाही,’ मी म्हणालो. ‘आमच्याकडे रस्त्याचं काम चालू आहे.’

‘असं होय.’

मी उपाय सांगितला. चेहरा मधुवंतीचा, आवाज बाईंचा. बाईंनी विंगेत खुर्चीवर बसून माइकवर गायचं, मधुवंतीने पुढे ओठ हलवायचे. गद्य भाग तिने कुजबुजला तरी तिच्या माइकने वाढवून घेता येईल. सभागृहात थोडं कळेल, पण टीव्हीवर कुणालाही कळणार नाही. सिनेमात हे रोजच होतं.

बाई मेथीची पानं खुडत राहिल्या. ‘म्हणजे मी अंधारात बसायचं.’

‘फक्त ह्या वेळी.’

‘आणि लोकांनी वन्स मोअर दिला तर तो कुणी घ्यायचा? तिने की मी?’

मी सांगितलं, चॅनेलने वन्स मोअरला बंदीच केली आहे, त्यामुळे तो प्रश्न येणार नाही. बाई हसल्या. एवढं मोठ्याने हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

‘माझी ना नाही,’ मग म्हणाल्या. ‘मी कुठेही बसून गाईन. गाणं विंगेतून आलं म्हणून बेसूर होत नाही. पण मधूला विचारलंत?’

‘ती माझ्या शब्दाबाहेर नाही.’

‘ते मला माहीत आहे,’ बाई म्हणाल्या. ‘लहानपणी तिला म्हटलं ना, की ही तान अशी नको, तशी घे, तर विचारायची, अण्णांना चालेल का? मी म्हणायची, अगं, अण्णांना काय कळतंय त्यातलं?’ आणि जीभ चावून, ‘माफ करा हं, पोरीला हसवायला म्हणायची.’

मीही हसलो. काम झालं होतं. त्यांनी जेवून जायचा आग्रह केला, पण कोर्टात तारीख होती. तवंदीचा घाट ओलांडला, तरी परतीच्या रस्त्यावरही शिंका येत राहिल्या.

शनिवार, ७ फेब्रुवारी

तिने नकार दिला.

मी सगळं समजावून सांगितलं. ती पलंगावर बसून ऐकत होती. मग मान हलवली. मला वाटलं समजलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. तिने मोबाइल उचलला. ‘बाईंच्या आवाजावर मी तोंड हलवणार नाही.’

ह्या मुलीने मला आजवर कशालाही नाही म्हटलेलं नाही. कॉलेज मी ठरवलं, गाणं मी लावलं, परीक्षांचे अर्ज मी भरले. मी म्हणालो, मधू, सगळ्या जिल्ह्यासमोर माझी फजिती होईल. तिने खाली पाहिलं. पण पुन्हा मान हलवली.

खाली येऊन वसुधेला म्हणालो, ‘समजव तिला.’

‘ती नाही म्हणतेय. तुम्हाला ऐकू येत नाही?’

‘आवाज असता तर आलं असतं.’

वसुधा ताटं घेत होती. ती थांबली, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘आवाज होता तेव्हा कधी विचारलंत?’ मी उत्तर देणार होतो, पण तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि ती आत गेली.

सौरवला फोन केला. नाटक रद्द करावं लागलं तर काय करशील? ‘काय करणार, सर. बैलगाडी शर्यतीचं रेकॉर्डिंग हाय, ते लावतो. त्याला बगणारी लई हायत.’ मी म्हणालो, हा सगळा घोळ तुझ्या त्या तरुण चेहऱ्यापायी झाला. तो गडबडला. ‘सर, मी आपलं सहज इचारलतं. तुमीच लगेच ताईंचं नाव दिलासा. मला वाटलं, ठरलेलंच असंल. बाईच असत्या तर मला काय, मी कॅमेरा जरा लांब लावला असता.’

लोक आपली जबाबदारी कशी झटकतात बघावं.

बाईंना उद्या यायला सांगितलं आहे. विंगेतला माइक लावून ठेवणार. रंगपटात शालू नेसून, आरशात स्वतःला पाहिल्यावर मधुवंती ऐकेल. ऐकायलाच हवं.

रविवार, ८ फेब्रुवारी

बाई वेळेवर आल्या. आमचा पेटीवाला परशराम विंगेत त्यांच्या खुर्चीजवळ माइक बसवत होता. मी दोनदा तपासायला लावला. तो म्हणाला, ‘अण्णा, हे बरं दिसत न्हाय.’ मी म्हणालो, दिसणारच नाही, विंगेत आहे. माइकची वायर त्याने गुंडाळायला सुरुवात केली होती, ती मी पुन्हा सोडायला लावली.

रंगपटात गेलो. बाई आरशापुढच्या खुर्चीत बसल्या होत्या. शालू नेसलेल्या. मधुवंती रोजच्या सलवार-कमीजमध्ये त्यांच्या पाठीमागे उभी होती आणि तोंडात आकडे धरून त्यांच्या केसांत गंगावन बसवत होती. वसुधा कोपऱ्यात नथ पुसत होती.

‘हे उलटं झालं,’ मी म्हणालो. ‘मधू, तू बस खुर्चीत.’

ती थांबली नाही. बाई आरशातूनच माझ्याशी बोलल्या. ‘मी तिला सांगितलं, अण्णांना विचार आधी. तिने मला धरून बसवलं. आता तुम्ही नाही म्हणा, मी उठते. मला राग नाही. विंगेत बसून गाते, ठरल्याप्रमाणे.’

मी वसुधेकडे पाहिलं. ती नथच पुसत होती. आरशाच्या दिव्यात बाईंच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या स्पष्ट दिसत होत्या. रंग त्यांत साचला होता. मला त्याचीच भीती होती. मी म्हणालो, ‘बाई, कॅमेरा फार जवळ येतो.’

‘येऊ दे,’ बाई म्हणाल्या. ‘मी चावत नाही.’

सौरव धावत आला. ‘सर, कलाकारांची नावं टाकायची हायत. मृणालिका कोण घालू? लवकर सांगा, ऑपरेटर बसलाय.’

मधुवंतीचे हात थांबले. शेवटचा आकडा तिच्या ओठांत होता. तिने आरशातून माझ्याकडे पाहिलं. डिसेंबरात त्या रात्री जेवताना ती अशीच बघत होती, हे मला आत्ता लिहिताना आठवतं. तेव्हा वरण वाढून घ्यायचं होतं म्हणून मी वाटी पुढे केली होती.

सौरव म्हणाला, ‘सर.’

‘प्रियदर्शनीबाई घाल,’ मी म्हणालो.

‘झकास,’ म्हणत तो गेला. मधुवंतीने आकडा काढला आणि लावला. त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाईंनीही नाही. वसुधेने नथ त्यांच्या हातावर ठेवली. त्या खोलीत मला काहीच काम उरलं नाही.

नाटकभर मी सौरवच्या टेबलाशेजारी उभा होतो. समोर मॉनिटर. पहिल्या अंकात बाईंचा पदर एकदा अडकला. दुसऱ्या अंकात झोपाळ्याचं पद सुरू झालं आणि कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ गेला. गळ्याच्या शिरा, हनुवटीखालची लोंबती कातडी, सगळं पडद्यावर. मी सौरवला हाताने खूण केली, लांबून घे. त्याच्या कानांवर हेडफोन होते. तो ऐकत होता. माझं नव्हे. कॅमेरा पद संपेपर्यंत हलला नाही.

वन्स मोअर आला. सौरवने हेडफोन न काढताच दोन्ही हात नाही-नाही असे हलवले. बाईंनी पेटीकडे पाहिलं. परशरामने सूर धरलाच होता. दुसऱ्यांदा त्यांनी तेच पद फार हळू घेतलं. मागच्या रांगेतले लोक उठून पुढे येऊन उभे राहिले. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा सौरवने हात हलवले नाहीत. बातम्या उशिरा लागल्या. त्याच्या मालकांचा फोन आला, तो त्याने उचलला नाही.

त्या वेळी मी समोरच्या विंगेत मधुवंतीला पाहिलं. विंगेत माझ्या सांगण्यावरून ठेवलेली खुर्ची होती, माइक बंद होता. ती खुर्चीत नव्हती, जमिनीवर बसून बाईंचा तानपुरा धरत होती. तिचे ओठ हलत होते. बाईंच्या शब्दाबरोबर शब्द. घशावर ताण पडेल म्हणून मी तिला खूण केली. तिने पाहिलं नाही.

नाटकानंतर लोक बाईंच्या पाया पडायला रांगेत उभे होते. काहींनी माझंही अभिनंदन केलं. म्हणाले, टीव्हीवाल्यांचा दबाव असूनही तुम्ही बाईंनाच उभं केलंत, हे तुम्हीच करू जाणे. मी नमस्कार केला. ते चूक आहे असं सांगायची ती जागा नव्हती.

बाई परशरामच्या भावाच्या गाडीतून निपाणीला गेल्या. मी सोडतो म्हटलं होतं. घरी येताना मधुवंती मागच्या सीटवर डोकं टेकून झोपली होती. तिच्या बोटांना रंग लागला होता. आता घाई नाही. आवाज आठ दिवसांनी सुटला तरी चालेल. पण सुटायला हवा. उद्या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेणार आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी मी दुसऱ्या डॉक्टरांचा नंबर शोधत असताना मधुवंतीने जिन्यावरून हाक मारली. ‘आई, दूध आलं का गं?’ आवाज स्वच्छ होता. वसुधेने पोळी उलटली. ‘आलंय. ये खाली.’ मी नंबर लावला नाही. चहा प्यायलो आणि कोर्टात गेलो.